माझ्या रांगा, त्याची एक ओळ

शेठजींनी शुक्रवारी ऑफिसातून निघता निघता मला सांगितलं, "मॅडम, सोमवारी नागपूरवरून नेटवर्कवाले साहेब येऊन राहिले. त्यांच्या चहा-नाश्त्याचं तेवढं पाहून घ्या."

मी हो म्हटलं. शनिवारी कळलं की ते साहेब म्हणजे माझा नवरा. वरठीला गाडीतून उतरून, स्टेशनाबाहेर लावलेली मोटारसायकल काढून तो घरी आला आणि बूट काढता काढता हसत म्हणाला, "सोमवारी तुझ्याच ऑफिसले ड्युटी लागली माझी." सासूबाईंना फार आनंद झाला. मला झाला नाही. म्हणजे सोमवारी सकाळी हे साहेब माझ्याच हातचे पोहे खाऊन, मीच इस्त्री केलेला शर्ट घालून, माझ्याच घरून निघणार, आणि तासाभराने मी त्यांना पुन्हा चहा-नाश्त्याचं विचारणार.

"आपण संगंच जाऊ," तो म्हणाला.

"नको. तू वेगळा ये."

आम्ही दोघं एकाच पॉलिटेक्निकचे, एकाच वर्गातले. त्यामुळे घरात दुसरं कुणी नसलं की मी त्याला तू म्हणते आणि सासूबाईंसमोर तुम्ही. त्या सोमवारपासून त्यात 'सर' आलं.

आधी माझं काम काय ते सांगते. आमच्या कंपनीच्या राइस मिल आहेत. मुख्य ऑफिस भंडाऱ्यात, एक मिल सिहोऱ्याला, एक करडीला. शेतकऱ्याचं धान ट्रॉलीतून येतं, काट्यावर तोललं जातं, आणि वजनाचा आकडा लगेच भंडाऱ्याच्या सर्व्हरवर चढतो. आकडा चढला की पावती निघते आणि ट्रॉली पुढे सरकते. त्याच लाइनीवरून मिलचे फोन चालतात, कॅमेऱ्यांची चित्रं येतात, आणि दिवसभराच्या फायलींची नक्कलही तिच्यावरूनच इकडे येत असते. लाइन एकच, आणि तीही बारीक. ही लाइन, तिच्या दोन्ही टोकांचे राउटर आणि त्यांच्यावरून होणारी सगळी बोंबाबोंब माझ्याकडे.

दिवाळीच्या आगेमागे धान निघालं की बोंब सुरू व्हायची. सिहोऱ्याच्या काट्यावर ट्रॉली उभी, पावती अटकलेली, मागे ट्रॅक्टरवाल्यांची आरडाओरड. तिथला काटाबाबू ऑफिसच्या फोनवरून मला सांगायला जायचा तर आवाज तुटायचा. "मॅड... पाव... नाही..." एवढंच ऐकू यायचं, आणि मग तो वैतागून स्वतःच्या मोबाइलवरून लावायचा. मी दरवर्षी शेठजींकडे मोठी लाइन मागायची. दरवर्षी ते म्हणायचे, पुढच्या सीझनला पाहू.

मग एका पावसाळ्यात, मिलची कामं थंड असताना, मी स्वतःच बसले. राउटरला सांगता येतं की सगळ्यांना सारखं वागवू नको. फोनचा आवाज आधी जाऊ दे, त्यामागे काटा, मग बाकीचं काम, आणि कॅमेरा अन् नकला सगळ्यांत शेवटी. लाइनीवरून सगळं बारीक तुकड्यांत जातं, त्यांना पॅकेट म्हणतात. आवाजाचं पॅकेट उशिरा पोचलं तर त्याचा काही उपयोग नसतो. फायलीचं उशिरा पोचलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. हे सगळं पॉलिटेक्निकमध्ये परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. इंटरनेटवर वाचत, चुकत, पुसत, मी कुठलं पॅकेट कशाचं हे ओळखायच्या खुणा ठरवल्या, रांगा केल्या, प्रत्येक रांगेला तिचा वाटा दिला. पहिल्यांदा राउटरने सगळं मुकाट्याने घेतलं तेव्हा मी एकटीच त्या खोलीत हसले.

सीझन आला आणि कशानेच काही झालं नाही. काटा तसाच अटकला, आवाज तसाच तुटला. राउटरला विचारलं तर त्याचं म्हणणं, माझ्याकडे रांगच लागली नाही, सगळं सुरळीत जाऊन राहिलं.

मी हे घरी सांगितलं होतं. मी पोळ्या करत होते आणि तो ओट्याला टेकून काकडी खात उभा होता. मी म्हटलं, "मिलच्या फाटकावर ट्रॉल्या लागतात ना, तसंच आहे हे. मागून दवाखान्याची गाडी आली तर तिला आधी सोड, एवढंच मी राउटरला सांगून राहिली. पण तो ऐकतच नाही."

"लाइनच कमी हाये तुमची," तो म्हणाला. "वाढवून घे." आणि त्याने दुसरी काकडी घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कंपनीने त्याला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. तिथून तो सर्टिफिकेट घेऊन आला. सासूबाईंनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं, आणि शेजारीण आली की तिला दाखवायच्या. "माझा पोरगा मोठमोठ्या कंपन्यांचं नेट दुरुस्त करते."

"अन् सून?"

"थे पन जाते ना ऑफिसले."

मीही तेच काम करते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण बोलताना त्यांच्या लक्षात यायचं नाही. पॉलिटेक्निकला मार्कांत मी त्याच्या पुढे होते. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. पण त्या फ्रेमवरची धूळ पुसताना दर वेळी आठवायचं, आणि मी ती जरा जोरात पुसायची.

तर तो सोमवार. तो आला तेव्हा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, पाठीवर बॅग. शिपायाने धावत जाऊन खुर्ची ओढून दिली. मी उभी राहून म्हटलं, "या सर."

"नमस्कार मॅडम."

अकाउंटच्या दोघी खाली मान घालून हसत होत्या. कुणीतरी शेठजींना सांगितलं असावं, कारण ते केबिनमधून बाहेरच आले. "अरे वा, हे तर आमचे जावईबापू निघाले! मग तर घरचंच काम झालं."

त्यांनी त्याचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत माझ्या कामासाठी शेठजी केबिनबाहेर आलेले मी पाहिले नव्हते.

आमची सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. दोन खुर्च्या मावत नाहीत, म्हणून तो बसला आणि मी दारात उभी राहिले. माझीच खुर्ची. त्याने राउटर उघडला आणि वरपासून वाचत खाली आला. माझ्या रांगा आल्या तिथे तो थांबला.

"हे तू केलं?"

"मॅडम म्हण. शिपाई बाहेर आहे."

"हे तुम्ही केलं, मॅडम?"

"तुला सांगितलं होतं मी. तू काकडी खात होता."

तो हसला नाही. परत एकदा वरून खाली वाचून गेला. "बरोबर आहे हे सगळं," तो म्हणाला. "फक्त याले लाइनीचा अंदाजच नाही दिलेला."

मग त्याने समजावलं. राउटरमधून निघालेली केबल टेलिफोन कंपनीच्या डब्यात जाते. राउटरपासून डब्यापर्यंत हातभर अंतर, आणि तेवढ्या अंतरातला वेग पुढच्या लाइनीच्या कितीतरी पट. राउटर आपला भराभर सगळं डब्यात ओतून मोकळा होतो. गर्दी होते ती डब्यात, कारण बारीक लाइन तिथून सुरू होते. आणि डब्याला माझ्या रांगांचं काही माहीत नाही. तो जे जसं आलं तसं सोडतो, आणि भरला की वरचं टाकून देतो. माझ्या राउटरला गर्दी कधी दिसतच नव्हती, मग तो रांगा कशाला लावेल? म्हणून राउटरलाच ताकीद द्यायची की लाइन जितकं नेऊ शकते त्याहून थोडं कमीच सोडत जा. मग गर्दी राउटरच्या दारात होते, आणि रांगा कामाला लागतात.

त्याने एक ओळ लिहिली. माझ्या सगळ्या रांगा त्या ओळीखाली घातल्या. करडीचा राउटर नवा होता, तिकडेही इथूनच तेच केलं. झालं काम.

मला ते ऐकता ऐकताच समजलं होतं, आणि समजलं त्याच क्षणी मी डब्याकडे पाहिलं. तो डबा माझ्या रोजच्या पाहण्यातला. त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवू नये म्हणून मीच त्याला कागद चिकटवला होता. गर्दी तिथे होत असेल हे मला सुचलं नाही. पण त्याला तरी कुठे सुचलं होतं? त्याला वर्गात बसवून, फळ्यावर चित्र काढून, कुणीतरी सांगितलं होतं. मला ते कुणी सांगितलं असतं तर तो सीझन असा गेला नसता, आणि आज माझ्या खुर्चीत मीच बसलेली असते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि त्याची बोटं ज्या सहजपणे चालत होती ते मला पाहवत नव्हतं.

जेवणानंतर शेठजींनी केबिनमधून करडीला फोन लावला. पलीकडचा मुनीम बोलत होता आणि त्याच वेळी मी मुद्दाम एक मोठी फाइल तिकडून इकडे ओढत होते. आवाज खणखणीत.

"बाजूच्या खोलीतून बोलल्यावानी येऊन राहिला!" शेठजी म्हणाले. "साहेब, केलं काय तुम्ही?"

माझा नवरा पुढे वाकून बसला. "असं समजा शेठजी, मिलच्या फाटकावर ट्रॉल्या लागल्या. मागून दवाखान्याची गाडी आली. तिले पहिले सोडावं लागेल का नाही?"

शेठजींना लगेच पटलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा मॅडम. साहेबांनी एका दुपारी करून टाकलं. अन् तुम्ही लाइन वाढवा, लाइन वाढवा करून राहिल्या होत्या."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. बोलायला जागा होती. तो म्हणाला, "सिस्टीम चांगलीच होती शेठजी. थोडं ट्यूनिंग बाकी होतं."

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर मी त्याला मागच्या सांदवाडीत गाठलं. तो वांग्याच्या झाडांना पाणी देत होता.

"सिस्टीम चांगली होती? कोणाची सिस्टीम?"

"तुझी."

"मग माझं नाव घ्यायला तोंडाला काय झालं होतं?"

त्याने पाइप खाली टाकला. "काय म्हणू मी? माझ्या बायकोनं सगळं करून ठेवलं होतं अन् मी फक्त एक ओळ टाकली? त्या कामासाठी माझ्या कंपनीनं मले पाठवलं. अन् उद्या तुझ्याच ऑफिसचे म्हणतील, पाहा, बायकोची तारीफ करायले आला होता."

त्यात खोटं काही नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं आणि त्यामुळे राग कमी होत नव्हता.

"आणि फाटकावरच्या ट्रॉल्या? दवाखान्याची गाडी? तेही पुण्याला शिकवलं?"

तो गोंधळला. "थे तू सांगतलं होतं?"

त्याला खरोखर आठवत नव्हतं. त्याला वाटत होतं की ते त्याचंच आहे. चोरलं असतं तर निदान कुणाचं चोरलं हे तरी त्याला माहीत असतं. पाणी वांग्यांच्या आळ्यातून वाहून बाहेर चाललं होतं आणि आम्ही दोघंही ते बंद करायला वाकलो नाही. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही आई," तो म्हणाला. "नेटचं."

दिवाळी झाली आणि धान सुरू झालं. करडी त्या वर्षी चाललं. मी रोज सकाळी राउटर उघडून पाहायची की रांगांमध्ये किती पॅकेट थांबली, किती टाकली गेली. कॅमेऱ्याच्या रांगेतली टाकली जात होती, आवाजाच्या रांगेतलं एकही नाही. जसं व्हायला हवं तसंच. आणि मी ते आकडे पाहताना कुठेतरी वाट पाहत असायची की आज काहीतरी बिघडेल. त्याची ती ओळ खोटी पडेल, करडीचा मुनीम ओरडेल, आणि मी शेठजींना सांगेन की साहेबांना बोलवा, त्यांचं काम आहे. तसं झालं नाही. माझ्याच मिलचं काम बिघडावं असं मला वाटत होतं. चांगलं चाललं की मी घरी येऊन भाजीत मीठ जास्त टाकायची. मुद्दाम नाही, पण पडायचं.

एकदा मी शेठजींना म्हटलं की मलाही ट्रेनिंगला पाठवा. ते हसले. "घरी मास्तर असताना बाहेर कायले जाता?"

सिहोरा अजून राहिलं होतं. तिथला राउटर जुना. इथून बसल्या बसल्या बदल केला आणि लाइन बसली तर तिथे परत उभा करायला कुणी नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी, काटा बंद असताना, ऑफिसच्या जीपने आम्ही दोघं सिहोऱ्याला गेलो. लग्नानंतर आम्ही दोघंच असे दूर फार कमी वेळा गेलो होतो. तो खिडकीतून बाहेर पाहत होता, मीही पाहत होते, ड्रायव्हर गाणी लावत होता.

मिलच्या आवारात जीप थांबली तसा काटाबाबू बाहेर आला. "आल्या का मॅडम! पहिले हा प्रिंटर पाहा. कागद गिळून राहिला." झाडलोट करणाऱ्या बाईने खुर्ची आणली आणि पदराने पुसून मला दिली. "लय दिवसांनी आल्या, बाई?" तिने विचारलं. मी प्रिंटर पाहिला. काटाबाबूने त्याच्या मुलीच्या ॲडमिशनचं काढलं, पॉलिटेक्निकला कुठली लाइन घ्यावी, कॉम्प्युटर घेतलं तर नोकरी लागेल का. मी सांगत होते आणि तो मान डोलवत होता. माझा नवरा बॅग पाठीला लावून ड्रायव्हरजवळ उभा होता.

काटाबाबूचं त्याच्याकडे लक्ष गेलं. "हे कोण, मॅडम? नवे ड्रायव्हर हायेत का?"

"नागपूरचे साहेब," मी म्हटलं.

माझे मिस्टर असं मी म्हणू शकले असते. नाही म्हटलं. त्याने ते ऐकलं.

आत राउटरपाशी आल्यावर त्याने लॅपटॉप काढला तेव्हा मी हात पुढे केला. "मी टाकते."

"सांभाळून. लाइन गेली तर..."

"गेली तर मी इथंच आहे. म्हणूनच आलो ना आपण?"

मी टाइप करू लागले. एका जागी माझं बोट अडखळलं आणि तो पुढे वाकला. मी त्याचा हात बाजूला सारला. त्याने हात मांडीवर ठेवला. ओळ मीच लिहिली, रांगा मीच तिच्याखाली घातल्या. लाइन क्षणभर गप्प झाली तेव्हा आम्ही दोघंही राउटरच्या दिव्यांकडे पाहत बसलो, आणि मग ते लुकलुकायला लागले. काटाबाबूने भंडाऱ्याला फोन लावला. अकाउंटच्या बाईंचा आवाज इतका स्वच्छ आला की त्यांच्या मागे कुणीतरी टिफिन उघडत असल्याचंही ऐकू आलं.

परतताना तुमसरला चहाला थांबलो. ड्रायव्हर पानठेल्यावर गेला होता.

"तुले सगळे ओळखतात," तो म्हणाला.

"त्यात काय?"

"मी किती ठिकाणी जातो. काम झालं की सही घ्यायची अन् निघायचं. पुढच्या वेळी गेलं की गेटवरचा माणूस परत विचारते, कोणाले भेटायचं हाये. तुले त्या माणसानं पोरीच्या ॲडमिशनचं विचारलं. मले आजपर्यंत कोणी काही नाही विचारलं."

तो चेष्टा करत नव्हता. कपाकडे पाहत बोलत होता. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तुमसर ते भंडारा पुरलं. ऑफिसच्या दारात जीप थांबली तेव्हा शेठजी पुन्हा बाहेर आले. "काय साहेब, फत्ते?" त्यांनी विचारलं. त्याला. माझ्या हातात प्रिंटरचा तुटलेला भाग होता, तो घेऊन मी मागच्या दाराने आत गेले.

त्यानंतर काही दिवसांनी शेठजींनी मला बोलावलं. त्यांच्या समोरच्या टीव्हीवर सिहोऱ्याच्या काट्याचा कॅमेरा चालू होता. "हे काय आहे? माणूस इथं उभा दिसते, अन् मग एकदम ट्रॉलीवर दिसते. मधात काय झालं ते दिसतच नाही. याले सगळ्यांत वर घ्या."

मी नवऱ्याच्या कंपनीला फोन केला. त्याच्याकडेच गेला तो फोन. "कॅमेरा शेवटीच राहील, मॅडम," तो ऑफिसच्या आवाजात म्हणाला. "वर घेतला तर काटा बसेल." बरोबर होतं. पण शेठजींसमोर उभं राहून ते सांगायचं होतं मला.

"साहेब तर म्हणाले होते सगळं चालेल," शेठजी म्हणाले.

"सगळं नाही चालणार, शेठजी. लाइन तेवढीच आहे. कुणाला तरी थांबावंच लागेल."

"मग काट्याले थांबू द्या थोडं."

"काटा थांबला तर शेतकरी ट्रॉली वळवून दुसऱ्याच्या मिलवर नेईल."

त्यांना पटलं, पण ते खूश झाले नाहीत. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि विचार करत राहिले की शेठजी त्या टीव्हीत पाहतात तरी काय. ट्रॉली हलते की नाही, काट्यावर माणसं आहेत की नाही, एवढंच. त्यासाठी कॅमेरा सगळं मोठं, रेषन् रेष दिसणारं चित्र भंडाऱ्यापर्यंत ढकलत होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरले तेव्हा दिसलं की तो मोठ्या चित्राबरोबर एक लहान चित्रही देऊ शकतो. मी मोठं चित्र सिहोऱ्यालाच तिथल्या रेकॉर्डिंगच्या डब्यात ठेवलं आणि इकडे फक्त लहान बोलावलं. कधी बारकाईने पाहायचं झालंच तर मागाहून मोठं मागवता येईल. रांगांना हात लावला नाही.

"थोडं धुरकट हाये," शेठजी म्हणाले. "पण माणसं चालून राहिली."

मी हे घरी सांगितलं नाही. मला विचारलं तर सांगेन असं ठरवलं होतं, आणि कोणी विचारणार नाही हेही मला माहीत होतं.

मग एका रविवारी दुपारी त्याला कुण्या ग्राहकाचा फोन आला. तिकडून मोठमोठ्याने कॅमेरा, कॅमेरा ऐकू येत होतं. "पाहतो सर, पाहतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आला. मी लसूण सोलत होते.

"तुमच्या शेठजीचा कॅमेरा कसा आहे आता?"

"चालतो."

"वर घेतला का?"

"नाही. शेवटीच आहे."

"मग कसा चालते?"

मी हातातला लसूण सोलून संपवला, मग दुसरा घेतला. त्याने वाट पाहिली. मी सांगितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा आधी मोकळा झाला, मग हळूच बंद झाला. ते मी पाहिलं. असा चेहरा कसा आतून वाटतो हे मला चांगलं माहीत होतं.

"म्हणजे हे रांगेचं कामच नाही," तो म्हणाला.

"नाही. पाठवायचंच कमी."

तो बैठकीत गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "सर, एक आयडिया आहे माझ्याकडे." मी लसूण तसाच ठेवला. मग फोन बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि तो पुन्हा दारात.

"मी 'माझ्याकडे' म्हटलं."

"ऐकलं मी."

"परत लावून सांगू?"

"काय सांगशील? बायकोनं लसूण सोलता सोलता सांगितलं?"

आधी तो हसला, मग मी. सासूबाई झोपल्या होत्या म्हणून तोंडावर हात ठेवून हसलो. पण त्याने परत फोन लावला नाही, आणि तेही माझ्या लक्षात राहिलं.

वर्ष संपताना त्याच्या कंपनीने आमच्या राउटरची देखभाल स्वतःकडे मागितली. शेठजींनी मला विचारलं, "द्यायचं का?" मी म्हटलं, गरज नाही. ते म्हणाले, "बरं. मॅडम पाहतील, असं सांगून देतो." नागपूरच्या ऑफिसात यावरून माझ्या नवऱ्याची बरीच चेष्टा झाली म्हणे, घरातूनच ग्राहक गेला म्हणून. ते त्याने घरी हसत हसत सांगितलं, पण भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

यंदा कंपनीने त्याला पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं, हैदराबादला. सगळ्या शाखांची लाइन एकाच जागेवरून चालवायचं काहीतरी नवीन. त्याने सांगितलं तेव्हा मी "छान" म्हटलं आणि उठून छतावरचे वाळलेले कपडे आणायला गेले, नव्हते वाळले तरी. वर उभी राहून विचार केला की आता दोन महिने घरात हैदराबाद ऐकायचं, मग भिंतीवर दुसरी फ्रेम. पुन्हा तेच जळणं. इतक्या दिवसांत ते गेलेलं नव्हतं, आणि आता जाईल असं मला वाटतही नाही.

त्याला वरठीला सोडायला मीच गेले, माझ्या स्कुटीवर, पायाजवळ त्याची बॅग घेऊन. प्लॅटफॉर्मवर जवळच्या स्टील प्लांटची ड्युटी सुटलेली माणसं उभी होती. तो म्हणाला, "आलो की सगळं सांगतो तुले."

"आल्यावर नाही. आल्यावर तू विसरतो कुणाचं काय होतं ते. रोज फोन करायचा. त्या दिवशी वर्गात जे सांगितलं ते त्याच दिवशी सांगायचं. पूर्ण."

"रोज?"

"रोज."

गाडी आली. त्याने बॅग उचलली आणि चढता चढता मान हलवली.

तो खरंच करतो फोन. वर्ग सुटला की, चहा पिता पिता. मी जिन्याखालच्या खोलीत बसून ऐकते, माझ्या खुर्चीत. सुरुवातीला तो भराभर सांगून मोकळा व्हायचा. आता मी मध्येच थांबवते. हे असं का, ते तसं केलं तर काय होईल, लाइन मध्येच बसली तर रांगांचं काय. कधी त्याला येतं, कधी येत नाही. येत नाही तेव्हा तो आधी चिडतो, मग दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांना विचारून येतो आणि मला सांगतो. परवा तो म्हणाला, ते सर वर्गात त्याला म्हणाले की तुमचे प्रश्न चांगले असतात, कुठून काढता?

त्याने काय उत्तर दिलं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, पुढचं सांग.